सपाट टोक, तिरकं टोक

कात्री देण्याआधी एदुविहेस माझा अंगठा धरते
आणि केउन्याच्या फांदीवर टेकवते.
"बघू नको. चाचप."

साल तांबडी, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटलेली,
भिजून वाळलेल्या वहीसारखी.
तिच्याखाली कुठेतरी बारीक गाठी,
बाळाच्या हिरडीत दात हाताला लागावा तशा.
"ही मुळं. झाडाला अजून पत्ता नाही."

मग कापायचं. खालून तिरकं, वरून सपाट,
म्हणजे अंधारातही बोटांना कळावं
माती कुठली नि आभाळ कुठलं.
गेल्या साली रेमिहिओने, माझ्या भावाने,
अख्खी जुडी उलटी खोचली.
त्याचं लक्ष तेव्हा कुस्कोच्या गाडीकडे.
साठ काड्या.
आम्ही दोन महिने त्यांना पाणी घालत होतो.

पॉप्लरचं तसं नाही.
पॉप्लर म्हणजे बोलका जावई,
कुठल्याही ओट्यावर बसवा, आठ दिवसांत घरचा.
पहिल्या महिन्यात त्याचा वाफा हिरवागार
आणि शेजारी केउन्या काडीच्या काडी,
इचू गवताच्या पांघरुणाखाली
रात्रीचा बर्फ मोजत.

मी म्हणाले, हे परकं झाड आपल्याला हवं कशाला?
एदुविहेसने छपराकडे बोट केलं.
"माझं आढं त्याचंच. पाटाचा काठ कुणी धरलाय?
आणि तो वाळुंज, पुलापाशी,
तो एका खेचरवाल्याचा चाबूक होता.
दारू चढली, चिखलात रोवून झोपला तो.
सकाळी चाबूक विसरला.
आता त्याच्या सावलीत बाजार भरतो."
खरंखोटं तिचं तिला माहीत.

पण मग तिने हिरव्यातलीच एक काडी उपटली.
चार पानं, टवटवीत,
खाली काही नाही. एक पांढरट फुगवटा.
"हे साठवणीतलं खातंय.
पानं दिसली की लोक टाळ्या वाजवतात.
टाळ्यांवर झाड किती दिवस जगेल?"
वाफ्यातल्या तिसऱ्या हिश्श्याने
जूनच्या थंडीत माना टाकल्या.
बाकीचे जगले. तेही सांगायला हवं.

घळीतलं जुनं केउन्या कोळशासाठी गेलं.
आठ माणसांनी कवेत घ्यावं असं नव्हतं ते,
वाकडंतिकडं, म्हातारं,
पण त्या उंचीवर दुसरं काही उभं राहत नव्हतं.
बी शेकड्याने पडायचं, रुजायचं एखादंच.
पडायच्या आदल्या आठवड्यात
आम्ही त्याच्या चारशे फांद्या आणल्या,
ओल्या गोणपाटात, पाठीवर.

शाळेतली मुलं विचारतात, ही त्याची पिल्लं का?
नाही रे. पिल्लू वेगळं असतं,
त्याला आई असते, बाप असतो, भांडण असतं.
छाटकलम म्हणजे तेच झाड,
पुन्हा.
चारशे काळ्या पिशव्यांत
तोच एक म्हातारा रांगेने उभा आहे
आणि वय विचारलं तर सांगेल,
पाच महिने.

काल रेमिहिओचा फोन आला.
तिथे रात्री कारखान्यात काम, दिवसा झोप,
खोलीत एक खिडकी, तिच्यासमोर भिंत.
बोलायचं ते संपलं, तरी ठेवेना.
मी म्हटलं, जुडी उलटी लावली होतीस तू.
तो हसला, मग म्हणाला, "साठच्या साठ?"
"साठच्या साठ."
बराच वेळ नुसता आवाज, लांबच्या यंत्राचा.

आज पिशव्या निवडायच्या, डोंगरावर न्यायच्या.
खणून बघायची मनाई आहे.
चिमटीत धरून काडी जराशी ओढायची,
इतकीच, झोपलेल्याची बाही ओढावी तशी.
सुटून आली तर सरपण.
अडली तर
हात मागे घ्यायचा.